एक टोकन : तीन लाइफ किंवा वीस मिनिटं नेट

नव्वदच्या दशकात आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडच्या मागे एक अंधारी खोली होती, व्हिडिओ गेमचं पार्लर. दाराला मळका पडदा, आत चार उभी लाकडी खोकी आणि रुपयाला तीन लाइफ. अख्खा महाराष्ट्र ज्याला 'मुस्तफा' म्हणतो तो गेम कॅपकॉमचा, १९९३ सालचा. त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स'; मुस्तफा हा त्यातला टोपीवाला. त्या खोलीतून कान धरून घरी नेलेली मुलं आज पंचेचाळिशीत आहेत, आणि त्यांतली दोन-तीन आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहेत. मी त्यांतलाच.

वाचनालयात फुकट वायफाय द्यायचं ठरलं, तेव्हा सोबत तसलं एक खोकंही बनवायचं हा हट्ट आमचाच. पहिल्या महिन्यात दोन्ही मोकळं सोडलं आणि फजिती झाली. आठवीतली पाच पोरं दुपारी दोनला यायची ती दिवे लागेपर्यंत जॉयस्टिक सोडायची नाहीत. दुसरीकडे दोन मोबाइलवर दिवसभर व्हिडिओ चालू, आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलींचा फॉर्म 'सबमिट'वर अडकलेला. तेव्हा ध्यानात आलं की पार्लरवाल्याचं नाणं गल्ला तर भरायचंच, पण पाळीही संपवायचं. नाणं नाही म्हणून आमच्याकडे पाळी संपतच नव्हती. मग ॲल्युमिनियमची टोकनं आणली. सभासदाला दिवसाला दोन, फुकट. एक टोकन खोक्यात टाकलं तर तीन लाइफ, काउंटरवर दिलं तर वीस मिनिटांचं नेटचं कूपन. खालची सगळी मांडणी या टोकनाभोवती आहे. वाचनालय, समाजमंदिर, मंडळाची खोली, कुठेही चालेल.

जागा

खोकं अभ्यासिकेच्या भिंतीला लागून ठेवू नका. आवाज कितीही कमी केला तरी बटणांचा खटखटाट भिंतीतून जातो. काउंटरवरच्या माणसाला पडदा आणि रांग दोन्ही दिसतील अशी जागा निवडा. थ्री-पिन सॉकेटला खरोखरचं अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या; जुन्या इमारतींत तिसरं भोक बहुधा शोभेचं असतं. जमल्यास त्या लाइनवर आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाइन तोडणारा स्विच, बसवा. लहान मुलं घामेजल्या हातांनी धातूच्या पट्टीला धरून उभी राहणार आहेत, तेव्हा इथे काटकसर नको.

खोकं

१८ मिलिमीटरच्या प्लायच्या दोन शीटमध्ये उभं खोकं निघतं, वर तुकडे उरतात. कोकणात किंवा गोव्यात असाल तर वॉटरप्रूफ प्लायच घ्या. साधा प्लाय दोन पावसाळ्यांत फुगतो. सुताराला नेटवरचा नकाशा दाखवण्यापेक्षा पुठ्ठ्याचा पूर्ण मापाचा साचा कापून द्या. आमच्या सुतारदादांनी साचा पाहिला, आडवी पट्टी एक इंच खाली घेतली आणि म्हणाले, "पोरांची कोपरं बघा की." त्यांचं बरोबर होतं. बटणांची पट्टी मोठ्यांसाठी जमिनीपासून साधारण ९५ सेंटिमीटरवर सोयीची पडते. दहा वर्षांच्या मुलासाठी पायाखाली एक भक्कम पाट ठेवा. खोक्याचा पाया रुंद आणि जड हवा. कडाप्प्याचा तुकडा तळाशी टाकला की ते हलत नाही.

बटणांची भोकं पाडण्याआधी बटणं हातात घ्या. खटकन बसणाऱ्या जपानी पद्धतीच्या बटणांना ३० मिलिमीटर लागतं, मागून नट आवळायच्या बटणांना २८-२९. आधी भोकं पाडून मग बटणं मागवली की कानस घेऊन बसावं लागतं. मी बसलो आहे. खटकन बसणारी बटणं जाड प्लायमध्ये अडकत नाहीत, त्यांना पातळ पत्रा किंवा ॲक्रिलिक लागतं. प्लायलाच भोक पाडणार असाल तर नटवाली घ्या.

पडदा म्हणून जुना चौकोनी १९ इंची एलसीडी शोधा. जुने गेम ४:३ प्रमाणात बनलेले असतात. रुंद टीव्हीवर ते ताणले तर सगळी पात्रं बुटकी-जाडी दिसतात. संगणक दुरुस्तीच्या दुकानांत असे मॉनिटर धूळ खात पडलेले असतात.

आतला संगणक

रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक की जुना ऑफिसचा पीसी? मी पीसीच्या बाजूने आहे. पाय छोटा आहे, वीज कमी खातो, हे खरं. पण त्याला नेमका चार्जर लागतो (पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर, पाय ५ ला ५ अँपिअर), आणि गावात तो बिघडला तर पार्सलची वाट पाहावी लागते. चौथ्या पिढीचा वापरलेला आय-५ पीसी तालुक्याला कोणीही दुरुस्त करतो.

त्यावर बाटोसेरा ही लिनक्सवर आधारलेली मोफत प्रणाली टाका. तिची फाइल उतरवा, बलेना एचर या प्रोग्रामने छोट्या एसएसडीवर लिहा, बायॉसमध्ये सिक्युअर बूट बंद करा आणि त्या डिस्कवरून मशीन सुरू करा. पेनड्राइव्हवरूनही चालते, पण सार्वजनिक जागी पेनड्राइव्ह महिन्याभरात मान टाकतो. जॉयस्टिक आणि बटणांच्या वायरी 'झिरो डिले' नावाने मिळणाऱ्या यूएसबी एन्कोडरमध्ये (बटण दाबल्याचं संगणकाला कळवणारी पट्टी) जातात, प्रत्येक खेळाडूला एक. त्यात सोल्डरिंग नाही, नुसत्या पिना खोचायच्या.

दोन गोष्टी पहिल्याच दिवशी करा. एक, सुरक्षेच्या सेटिंगमध्ये जाऊन 'एन्फोर्स सिक्युरिटी' चालू करा. तसं न केल्यास बाटोसेराचा मूळ पासवर्ड 'लिनक्स' हाच राहतो, तो सगळ्या जगाला माहीत आहे, आणि नेटवर्कवरचं कोणीही तुमचं फोल्डर उघडू शकतं. दोन, मेनू 'किऑस्क' मोडवर टाका, म्हणजे मुलांना सेटिंग दिसणारच नाहीत. इथे एक गंमत आहे. किऑस्क उघडायची मूळ कळ म्हणजे वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए. ज्याने लहानपणी टीव्ही गेमवर 'कॉन्ट्रा' खेळताना तीस लाइफ मिळवल्या, त्याची बोटं झोपेतही हे करतील. आमच्या कार्यकारिणीतल्या एका सभासदाने तिसऱ्याच दिवशी कुलूप उघडून दाखवलं. सेटिंगच्या फाइलमध्ये ही कळ बदलता येते. बदला.

वीज जाते तिथे छोटा यूपीएस हवाच. खेळ चालू असताना वीज गेली तर डिस्कवरची फाइल खराब होऊ शकते. दहा मिनिटांचा बॅकअप मिळाला तरी बंद करायला पुरे.

गेम कुठले?

पहिल्या दिवशी सगळे 'मुस्तफा लावा' म्हणणार. नेटवर तो दोन मिनिटांत सापडतो, आणि तो तसा उतरवून सार्वजनिक जागी लावणं बेकायदा आहे. खेळ जुना झाला म्हणून हक्क संपत नाहीत. आपल्या कायद्यात ते किमान साठ वर्षं टिकतात. 'पॅक-मॅन' १९८० चा आहे, हिशोब तुम्हीच करा. घरासाठी विकत घेतलेली प्रतही संस्थेत लोकांसाठी लावायला आपोआप चालत नाही. अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयाने ही जोखीम घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग लावायचं काय? मेम हा इम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्रांचे गेम आजच्या संगणकावर चालवणारा प्रोग्राम, निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने १९९७ मध्ये सुरू केला. आज तो चालवणाऱ्या गटाच्या संकेतस्थळावर काही खऱ्याखुऱ्या जुन्या आर्केड गेमच्या फाइली हक्कधारकांच्या संमतीने ठेवलेल्या आहेत. अट एवढीच की पैसे घ्यायचे नाहीत. 'रॉबी रोटो' आणि 'ग्रिडली' त्यातलेच. 'ग्रिडली' दिसायला बाळबोध, पण आमच्याकडे सगळ्यात लांब रांग त्यालाच असते. त्याशिवाय 'सुपरटक्सकार्ट', 'सुपरटक्स' हे मुक्त परवान्याचे खेळ आहेत, आणि जुन्या कन्सोलसाठी आजचे हौशी लोक बनवून मोफत वाटतात ते गेम. प्रत्येकाचा परवाना वाचून एका वहीत नोंदवा. आमच्या यंत्रावर आम्ही बाराच गेम लावले. हजार गेमची यादी असली की मुलं खेळायचं सोडून यादीच खाली-वर करत बसतात.

टोकनाची खाच

कॉइन ॲक्सेप्टर, म्हणजे नाणं तपासून आत घेणारा भाग, वेगवेगळ्या प्रकारचा मिळतो. साध्या तुलनावाल्याच्या बाजूला नमुन्याचं नाणं अडकवायचं. त्याच्याशी जुळेल तेच तो आत घेतो. आपल्याला तोच हवा. खरं रुपयाचं नाणं वापरायचा मोह टाळा. एक तर पैसे आले की मेमच्या त्या गेमची अट मोडते आणि करमणुकीच्या परवान्याचे प्रश्न पोलीस ठाण्यापर्यंत जातात. दुसरं म्हणजे जुना स्टीलचा रुपया २५ मिलिमीटरचा आणि २०११ पासूनचा सुमारे २२ चा, त्यामुळे यंत्र निम्मी नाणी थुंकतं.

ॲक्सेप्टरला १२ व्होल्ट वेगळे द्यावे लागतात. त्याची 'कॉइन' वायर पहिल्या खेळाडूच्या एन्कोडरवर 'सिलेक्ट' बटणाच्या जागी जाते आणि दोघांचा ग्राउंड एकत्र जोडायचा. १२ व्होल्टची वायर चुकून एन्कोडरला लागली तर तो तिथेच जळतो, तेव्हा तिला लाल टेप लावून ठेवा. ॲक्सेप्टरवर दोन छोटे खटके असतात. एक 'एनओ'वर (एरवी सर्किट उघडं) ठेवा. दुसरा संकेताच्या वेगाचा, तो सगळ्यात संथवर ठेवा, नाहीतर एन्कोडरला टोकन पडल्याचं कधी कळतं, कधी नाही. मुलं मग खोक्याला लाथा घालतात.

यानंतर एक सापळा येतो. बाटोसेरामध्ये गेममधून बाहेर पडायची कळ म्हणजे 'हॉटकी' आणि 'स्टार्ट' एकत्र, आणि बरेच जण हॉटकी म्हणून 'सिलेक्ट'च नेमून टाकतात. तसं केलंत की टोकन पडता पडता कोणी स्टार्ट दाबलं तर अख्खा गेम बंद. हॉटकी वेगळी ठेवा आणि तिचं बटण खोक्याच्या आत, कुलपामागे बसवा.

किती लाइफ मिळाव्यात हे मेममध्ये टॅब दाबून 'डिप स्विचेस'मध्ये ठरवता येतं. मूळ यंत्राच्या बोर्डवर हेच छोटे खटके असायचे आणि पार्लरवाला रात्री शटर ओढून ते फिरवायचा. आम्ही तीन ठेवल्या. कसलेला मुलगा तीन लाइफमध्ये पाऊण तास काढतो; त्याला काढू द्या, बाकीचे मागे उभे राहून शिकतात.

आणि हो, गॅसचा लायटर. आमच्या काळी नाण्याच्या खाचेजवळ त्याचा खटका उडवला की फुकट क्रेडिट पडायचं. ही विद्या अजून जिवंत आहे. खाचेची धातूची पट्टी अर्थला जोडा आणि ॲक्सेप्टरची वायर शिल्डेड घ्या, मग ती चालत नाही.

नेट

घरगुती ब्रॉडबँडचा प्लॅन घेऊन तो गावाला वाटणं बहुतेक कंपन्यांच्या अटींत बसत नाही. संस्थेच्या नावाने जोडणी घ्या आणि काय करणार आहात ते लेखी सांगा. दुसरा रस्ता पीएम-वाणीचा. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या या योजनेत सार्वजनिक वायफाय देणाऱ्या दुकानाला किंवा संस्थेला परवाना, नोंदणी वा शुल्क लागत नाही. नोंदणी करावी लागते ती अशी केंद्रं एकत्र जोडणाऱ्या वरच्या ॲग्रिगेटरला आणि ॲपवाल्या कंपनीला. ग्राहकाची ओळख ॲपमधूनच पटवली जाते. ज्यांच्याकडे रोज रजिस्टर भरायला माणूस नाही, त्यांनी हा मार्ग धरावा. आम्ही पहिला घेतला, कारण आमच्याकडे ग्रंथपाल आहेत आणि त्यांना रजिस्टर आवडतं.

टोकनाच्या बदल्यात कूपन द्यायचं तर राउटरला 'हॉटस्पॉट', म्हणजे कोड टाकल्यावरच नेट सुरू करणारी सोय, हवा. टीपी-लिंकच्या ओमाडा मालिकेत व्हाउचरची सोय आहे, मायक्रोटिकच्या अगदी स्वस्त राउटरमध्येही हॉटस्पॉट असतो. आम्ही मायक्रोटिक घेतला. 'आयपी'मध्ये 'हॉटस्पॉट', मग 'हॉटस्पॉट सेटअप', आणि विचारेल त्याची उत्तरं देत जा. नंतर यूजर प्रोफाइल बनवा : 'शेअर्ड यूजर्स' १, म्हणजे एक कोड एकाच फोनवर, आणि 'रेट लिमिट' '१एम/४एम'. इथे सगळे फसतात. पहिला आकडा राउटरच्या बाजूने पाहता आत येणाऱ्याचा, म्हणजे ग्राहकाचा अपलोड, दुसरा डाउनलोड. उलटं लिहिलं की लोक 'नेट स्लो आहे' म्हणून भांडायला येतात आणि स्पीडटेस्ट पाहून आपण गोंधळतो. प्रत्येक कोडला 'लिमिट अपटाइम' २० मिनिटं द्या. कोड स्प्रेडशीटमध्ये शंभर-शंभरने तयार करून टर्मिनलमध्ये चिकटवता येतात; छापा, पट्ट्या कापा, डब्यात ठेवा. कोड करताना शून्य आणि ओ, एक आणि एल हे वगळा.

हॉटस्पॉटमध्ये 'वॉल्ड गार्डन' नावाची यादी असते. तिच्यातल्या साइट कूपनशिवाय उघडतात. आमच्या पूर्ण व्यवस्थेत मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. महाडीबीटी, आपले सरकार, महाभूलेख, डिजीलॉकर आणि मराठी विश्वकोश आम्ही तिथे टाकले. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला किंवा सातबारा पाहायला टोकन लागत नाही; करमणुकीला लागतं. यादी एकदा टाकून भागत नाही. एखादा फॉर्म अर्धाच उघडतो, कारण त्याची चित्रं किंवा पैसे भरायचं पान दुसऱ्याच पत्त्यावरून येतं. तो पत्ता शोधून यादीत घालावा लागतो. पहिले दोन आठवडे हे काम चालूच राहतं.

मुलं येतात म्हणून डीएनएसला (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ लावला, तो व्हायरस आणि प्रौढ मजकुराच्या साइट अडवतो. गाळण शंभर टक्के नसते. पडदा सगळ्यांना दिसेल असा ठेवणं जास्त कामाचं. गेमचं खोकं मात्र या वायफायवर कधीही जोडू नका. त्याला राउटरचं वेगळं पोर्ट आणि वेगळं नेटवर्क द्या. वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा चॅनेल १, ६ किंवा ११ यांतलाच निवडा, शेजारच्या दुकानाचा जो नसेल तो.

२०११ चे सायबर कॅफे नियम धंदा म्हणून नेट देणाऱ्यांसाठी आहेत. फुकट नेट देणारं वाचनालय त्यात बसतं का, यावर वाद घालत बसण्यापेक्षा ते पाळून मोकळं व्हावं : ओळखपत्र पाहून नोंद, नोंदी किमान एक वर्ष जपून ठेवणं, कप्पे केलेच तर साडेचार फुटांपेक्षा उंच नकोत, कप्प्याबाहेरच्या संगणकाचा पडदा मोकळ्या बाजूला. ओळखपत्र नसलेल्या अल्पवयीन मुलाबरोबर मोठं माणूस हवं. आम्ही कूपनचा नंबर आणि सभासद क्रमांक एका ओळीत लिहितो, बस्स.

खोकं आणि नेट एकत्र येतात तिथे

जुन्या यंत्रांतली बरीचशी वीज गेली की उच्चांक विसरायची. मेममध्ये 'हायस्कोअर' प्लगिन चालू केलं की ते टिकतात. आम्ही दर रविवारी पहिली पाच नावं वाचनालयाच्या फलकावर खडूने लिहितो आणि फोटो सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. पुण्याला नोकरी करणाऱ्या एका जुन्या सभासदाने तो फोटो पाहून दिवाळीच्या सुट्टीत येऊन पहिला नंबर काढला.

दुसऱ्या गावाच्या खोक्याशी नेटवरून सामना लावायचा असेल तर रेट्रोआर्च या इम्युलेटर चालवणाऱ्या प्रोग्राममधलं 'नेटप्ले' आहे. दोन्हीकडे गेमची आणि इम्युलेटरची आवृत्ती अक्षरशः सारखी हवी, केबलची जोडणी हवी, आणि 'रिले सर्व्हर' चालू करावा लागतो. कारण आपल्याकडच्या बहुतेक जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो. रोजच्या रोज करण्यासारखं हे काम नाही, जत्रेपुरतं ठीक.

खरी मजा जीबी स्टुडिओत आहे. हे मोफत सॉफ्टवेअर नेटच्या संगणकावर टाका. त्यात कोड न लिहिता जुन्या गेम बॉयसाठी खेळ बनवता येतो. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, रंग चार. तयार झालेली फाइल खोक्याच्या फोल्डरमध्ये टाकली की तो गेम यादीत येतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत सहावीतल्या दोघींनी आमच्याच बाजारपेठेत म्हैस शोधायचा गेम केला. गेम बनवायला बसणाऱ्याला वेळेची मर्यादा नाही आणि टोकनही मागत नाही. हक्काचा प्रश्न नाही, आणि बारा गेमचे आता पंधरा झालेत.

देखभाल

बटण मेलं की बहुधा फक्त त्याखालचा मायक्रोस्विच गेलेला असतो. तो पन्नास रुपयांच्या आत मिळतो, दहा आणून ठेवा. जॉयस्टिक तिरकी चालायला लागली तर आधी तळाचे स्क्रू आवळा. महिन्यातून एकदा मागचं दार उघडून ब्लोअर मारा. हवेसाठी ठेवलेल्या भोकांना आतून डासांची जाळी लावा. आम्ही लावली नव्हती. पहिल्या पावसात उबेला आलेली पाल पीसीला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसमध्ये गेली, आणि पीसीही गेला.

टोकनं हरवतात. दोनशे आणली होती, वर्षाअखेर एकशे एकसष्ट मोजली. एक टोकन जत्रेत एका मुलाच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं दिसलं. ते परत मागितलं नाही.